बी.एड. सोडू नकोस, पण घराबाहेर पड

अगं,

कर्णबधिर मुलांना शिकवायच्या बी.एड.ची सगळी लेक्चर्स घरबसल्या मोबाइलवर पाहिलीस, असाइनमेंट वेळेवर दिल्यास आणि सरावपाठाला चौथीतला पोरगा खुणांनी भराभर बोलायला लागला, तेव्हा तुला काहीच कळेना. आता कोर्स सोडू का, विचारतेस. काही सोडायचा नाही. फी भरली आहेस, मुंबईत दोन वर्षं राहणं तुला परवडणारं नाही, विषय संपला.

पण बहिऱ्या माणसांत जाऊन बस.

व्हिडिओंवर माझा राग नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या व्हिडिओ-शब्दकोशात २०२१ मध्येच १०,००० शब्द झाले. पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्हीची ३१ नंबरची वाहिनी तर याच भाषेसाठी आहे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. वर्गात मुलांना एकच हुकूम: ओठ वाचा, बोला, हात खाली! मधल्या सुट्टीत मुलं खुणांनी गप्पा मारायची आणि त्यांची बाई असून मी परकी. ते अजून सलतं. पण शब्दकोशातला माणूस तुझी खूण चुकली म्हणून कपाळाला आठ्या घालत नाही ना! भुवया वर गेल्या की हो-नाहीचा प्रश्न होतो. भुवया न उचलता ‘तू जेवलास’ केलंस, तर तू त्याला विचारलं नाहीस, सांगितलंस. मुलगा मान डोलावणार आणि गप्प बसणार. हे समोरच्या बहिऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच दिसतं. मोबाइलच्या चौकटीत निम्मे हात कापले जातात, नेटवर्क अडखळलं की खूणच गळते.

कानाच्या मशीनचंही तेच. मशीनमधून मुलाला नीट ऐकू येतं का ते तपासायचे डॅनियल लिंग यांचे सहा आवाज, आ, ई, ऊ, श, स, म, तुला पाठ असतील. सकाळी तोंड झाकून एखाद्या मुलासमोर म्हणून पाहिलेस? मशीनचा कानात बसणारा साचा, म्हणजे मोल्ड, सैल असला की शिट्टी वाजते. तो कानात नीट बसवायला बोटांनाच शिकावं लागतं.

सरावपाठ ऑनलाइन चालवू, असं आमच्याकडे ठरत होतं तेव्हा मी एकटी आडवी आले. हेकट म्हणाले. म्हणोत. मुलींनी एसटीचे धक्के खाल्ले, शिव्या मला बसल्या. पण त्या मुली आज वर्गात मुलांकडे तोंड करून शिकवतात, फळ्याकडे नाही. मग माझं काय चुकलं?

म्हणून पुन्हा सांगते, बहिऱ्या माणसांत जाऊन बस. जिल्ह्याच्या गावी कर्णबधिरांचं मंडळ आहे का, शाळेतच विचार. जा, चहा घे. तुझ्या खुणांना हसतील, मग हात धरून दुरुस्त करतील. आणि सोबत मैत्रीण नेऊ नकोस, तिच्याशीच बोलत बसशील.

तुझी बाई