मुंढ्याची एकच बाजू दातेरी का दिसते?

तुम्ही स्वेटरच्या पाठीच्या दोन्ही मुंढ्यांना (बाही जोडायच्या कडांना) 'दोन टाके एकत्र सुलट' अशीच घट घेतली आहे, म्हणजे टाके कमी केले आहेत. म्हणून सुलट बाजूने पाहता डावी कड सफाईदार आली आणि उजवी पायऱ्यापायऱ्यांची. दोन टाके एकत्र विणले की डावा टाका वर बसतो आणि घट उजवीकडे झुकते. डाव्या मुंढ्याचा उतारही उजवीकडेच असतो, तिथे ती कडेबरोबर चालते. उजव्या मुंढ्याला मात्र ती उताराच्या विरुद्ध जाते. तिथे डावीकडे झुकणारी घट हवी.

सुलट ओळ अशी विणा: 2 सुलट. पुढचे दोन टाके सुलट विणायला घालतो तशी सुई घालून, एकेक करून, न विणता उजव्या सुईवर घ्या. डावी सुई त्या दोघांत समोरून घाला आणि मागून एकत्र विणा. शेवटी 4 टाके उरेपर्यंत सुलट, मग 2 एकत्र, 2 सुलट. कडेचे हे दोन टाके सोडायचेच. अगदी काठावर घट घेतली तर बाही जोडताना शिवण कुठून घ्यायची तेच कळत नाही.

टाके उलट विणताना घेतो तसे उचलले तर ते पिळले जातात, आणि घट जाड दिसते. सगळं नीट करूनही डावीकडे झुकणारी घट थोडी सैल वाटते, कारण वरचा टाका सुईवरून सुईवर जाताना ताणला जातो. उपाय: पहिला टाका सुलटसारखा आणि दुसरा उलटसारखा उचला. दुसरा पिळतो, पण तो खाली झाकला जातो.

आता हिशेब. तुमचं माप 10 सेंमीत 22 टाके, 30 ओळी, म्हणजे 8 नंबरच्या सुया (4 मिमी) असाव्यात. तुमच्या ग्वाल्हेरात दुकानात 'सलाई' (विणायची सुई) मागताना लक्षात असू द्या, नंबर वाढला की सुई बारीक होते. पाठीला 100 टाके असतील तर आधी 5 टाके बंद करा, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणखी 5. दोन्ही एकाच ओळीत होत नाहीत, कारण बंद करायला लोकर सुरुवातीलाच हाताशी असते. मग प्रत्येक सुलट ओळीत दोन्हीकडे 1, असं 6 वेळा: 90 मधून 12 गेले, उरले 78, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत साधारण 35 सेंमी. घट 12 ओळींत, 4 सेंमीत संपते. पुढे मुंढा सरळ.

प्रत्येक ओळीत घटवण्याचा मोह होतो, घाई असली की जास्तच. मग मुंढा आडवा कापल्यासारखा होतो आणि काखेत ओढतो.

उलट ओळीत घटवायची वेळ आलीच तर '2 एकत्र उलट' सुलट बाजूने उजवीकडे झुकलेलं दिसतं, म्हणून ते उलट ओळीच्या सुरुवातीला, 2 टाक्यांनंतर घ्या. ओळीच्या शेवटी दोन टाके सुलटसारखे एकेक उचलून डाव्या सुईवर परत ठेवा आणि मागच्या धाग्यांतून एकत्र उलट विणा. शेवटचे 2 उलट.

'दो का जोड़ा' (दोन टाके एकत्र) एवढंच लिहिलेला हिंदी नमुना वापरत असाल, तर झुकाव कुठला ते आधी 20 टाक्यांच्या तुकड्यावर पाहून घ्या.