मावशींना तोंड कसं दाखवू?

हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्थेत, घरचं माणूस गेल्यानंतर त्या दुःखाबद्दल बोलायला माझ्याकडे येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "शेवटचं सगळं परक्यांनी केलं. आभार मानायचेत, पण तिकडे पाऊलच वळत नाही." हे इतक्यांदा ऐकलंय, की एका ताईंची हकिगत, ओळख लपवून, इथे सांगतेय.

वडील जाऊन पाच महिने झाले होते. आभाराचं पत्र चारदा लिहून फाडलेलं. पहिल्या दोन भेटी डॉक्टर, औषधं आणि भावंडांच्या कुरबुरी यांतच गेल्या. तिसऱ्या भेटीत त्या एकदम म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा मी फोन घ्यायला बाहेर गेले होते. त्यांचा हात तिथे रुग्णांची सेवा करणाऱ्या मावशींच्या हातात होता. आता त्यांना कुठल्या तोंडानं भेटू?"

तुमची काही चूक नाही, वगैरे मी म्हटलं नाही. अपराधीपणाशी वाद घालायच्या भानगडीत मी पडत नाही, तो ऐकत नाही. एवढंच विचारलं, "मावशी काय काय करायच्या?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे?"

मग एकेक आठवायला लागलं. स्पंजाच्या काडीनं बाबांचे सुकलेले ओठ ओले करायच्या. पाठीखाली चादरीची सुरकुती राहिली नाही ना, हे तळहात फिरवून बघायच्या. शेवटचे दोन दिवस बाबा शुद्धीवर नव्हते, तरी दर वेळी आधी सांगायच्या, "बाबा, आता डाव्या कुशीवर घेते हं."

"मला वाटायचं, ह्या बोलतायत कुणाशी?"

मी त्यांना 2020 सालचा एक अभ्यास सांगितला. कॅनडातल्या एका हॉस्पिसमध्ये शेवटच्या तासांतल्या, हाकेला ओ न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या होत्या. त्यांतल्या काहींचे मेंदू आवाजाला प्रतिसाद देत होते. अर्थ किती पोचत होता, हे मात्र त्यातून कळत नाही.

ताई बराच वेळ गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "रात्री मी बाबांशी बोलत बसायचे... ते मी मावशींचं बघूनच सुरू केलं होतं."

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं. मी मध्ये बोलले नाही, याचं मला अजून बरं वाटतं. आपली जागा मावशींनी घेतली, असं पाच महिने त्यांना वाटत होतं. मावशी तर त्यांना बाबांजवळ बसायला शिकवत होत्या.

आता पत्राचं. "तुम्ही देवमाणूस आहात" असं लिहू नका. देवाला थकवा येत नाही, मावशींसारख्यांना येतो. दुःखही होतं, पण ते कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर नवं माणूस असतं. समाज ज्या दुःखाला हक्कच देत नाही, त्याविषयी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये लिहिलं. मला ते इथे फार पटतं. म्हणून तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एकच बारीक गोष्ट लिहा. नुसतं शेजारी बसून राहणाऱ्या स्वयंसेवकालाही लिहा, त्याला तर कुणीच लिहीत नाही. एक प्रत त्यांच्या वरिष्ठांना द्या. उशीर झाला म्हणून अडू नका. आणि लगेच स्वयंसेवक व्हायला धावू नका; बऱ्याच संस्था वर्षभर थांबायला सांगतात, ते बरोबरच आहे.

ताईंचं पाचवं पत्र चार ओळींचं झालं. त्या स्वतः जाऊन देऊन आल्या. मावशींनी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाल्या, "बाबांना डावी कूस मुळीच आवडायची नाही. कपाळाला आठी घालायचे, आठवतं?"