'बेबी बूम' म्हणजे लोकसंख्यावाढ नव्हे

प्रश्न असा आहे: 'बेबी बूम' म्हणजे नेमकं काय, आणि 'स्वातंत्र्यानंतर भारतात बेबी बूम आला' असं लिहिलेलं चालेल का?

एरवी बेताचा असलेला जन्मदर एकाएकी उसळतो, काही वर्षं चढा राहतो आणि मग ओसरतो, त्या काळाला बेबी बूम म्हणतात. यातलं ओसरणं लोक हमखास विसरतात. मुळात जन्मदर वर्षानुवर्षं चढाच असेल, तर तो बूम नव्हे.

ठळक उदाहरण अमेरिकेचं. महामंदी आणि पाठोपाठ महायुद्ध, यांत लग्नं आणि मुलं लांबणीवर पडलेली. सैनिक परतले, हाताला काम मिळालं, संसार थाटले गेले. १९४६ ते १९६४ हा तिथला बूम मानतात. १९५७ साली ४३ लाखांच्या आसपास मुलं जन्मली, म्हणजे दर स्त्रीमागे आयुष्यभरात सरासरी साडेतीनहून जास्त, असा तेव्हाचा वेग. जपानमध्ये मात्र ही लाट १९४७ ते १९४९ एवढीच टिकली.

गंमत पुढे आहे. १९९० साली अमेरिकेत पुन्हा ४१ लाखांवर मुलं जन्मली, पण दर स्त्रीमागे जेमतेम दोन. बूममधल्या मुली आता आया झाल्या होत्या. आयाच जास्त, म्हणून बाळंही जास्त. म्हणजे नुसता जन्मांचा आकडा फुगलेला पाहून 'जन्मदर वाढला' असं लिहू नये.

आता भारत. १९५१च्या सुमारास आपला जन्मदर हजारी चाळीसच्या घरात होता. त्याआधीच्या दशकांत तर तो त्याहूनही जास्त होता. उसळी मारली ती लोकसंख्येने, कारण साथी आटोक्यात येऊन मृत्युदर घसरला. तेव्हा ते वाक्य चुकीचं. तिथे सरळ 'लोकसंख्यावाढ' लिहावं.

'बूम आला' की 'आली'? दोन्ही कानावर पडतं. 'आली' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा 'तेजी' असते. मला 'आला' बरा वाटतो. मराठी शब्दच हवा तर 'जन्मांची लाट' म्हणा, लाट चढते तशी ओसरतेही. 'जन्मदरवाढ' अहवालात ठीक, पण त्यात ओसरणं येत नाही. आणि 'बूमर' म्हणजे त्या काळात जन्मलेली व्यक्ती. हल्ली चाळिशीतल्या कुणालाही चिडवायला 'ओके बूमर' म्हणतात, ती निव्वळ थट्टा. हिशेबाने ते बूमर नव्हेतच.