बेने इस्राएलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, मुलाखती घ्यायला निघालात, तर

अलिबागजवळच्या नवगावपाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आम्ही त्यांचे वंशज. ही कथा कानावर आली की लगेच खरं-खोटं करत बसू नका. ते गलबत नेमकं कधीचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि होईल असं मला वाटतही नाही. कथेने काय घडवलं ते बघा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' पेणकर, रोहेकर, चेऊलकर झाले, तरी आपलं मूळ इस्राएलच्या भूमीतलंच सांगत राहिले.

वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक म्हणजे हगादा; १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादातली चित्रं आवर्जून शोधा. लुगड्यातल्या बायका जमिनीवर बसून वल्हांडणाच्या बेखमीर भाकऱ्या करताहेत. हात, बैठक, सगळं आपल्या स्वयंपाकघरातलं. आणि त्या रात्रीच्या विधीचा शेवट काय? 'पुढच्या वर्षी येरुशलेमात!'

१९४८ नंतर पुष्कळ कुटुंबं खरोखरच तिकडे, इस्रायलला गेली. तिथल्या ज्यू धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली, तेव्हा हीच पूर्वजांची कथा पणाला लागली. १९६४ पर्यंत त्यांना झगडावं लागलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून आजीआजोबांना 'कुठून आलात' एवढंच विचारून थांबू नका. इस्रायलला जायच्या आधी घरात तिकडच्या आयुष्याबद्दल काय बोललं जायचं, तेही विचारा.