गळाआधी दगड उलटा

प्रश्न : गेल्या मार्चमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर पहिल्यांदाच फ्लाय फिशिंगला गेलो. रीतसर परवाना काढला, वाट दाखवायला गावातला एक माणूस बरोबर घेतला. दुपारी बाराच्या सुमारास राखाडी पंखांचे बारीक किडे पाण्यावर उडायला लागले आणि समोरच ट्राउट मासे वर येऊ लागले. मी त्याच रंगाची, वर तरंगणारी फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, दीड तास टाकत होतो. एकही मासा लागला नाही. फ्लाय चुकली की हात? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : रंग तुम्ही बरोबर ओळखलात. चुकली ती उंची, आणि तीही जेमतेम बोटभर.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी वाळवीची पाखरं निघतात. आपण घरातले दिवे मालवतो आणि सकाळी गॅलरीतून पंखांचा खच झाडतो. त्या संध्याकाळी येऊरच्या पायथ्याशी एखादं वारूळ नीट पाहा. कोतवाल हवेत गिरक्या घेत पाखरं टिपत असतो आणि आपलं लक्ष त्याच्याकडेच जातं. बेडूक मात्र भोकाच्या तोंडाशी बसलेला असतो. तिथे पाखरू धडपडत बाहेर येत असतं, पंख अजून कामाला लागलेले नसतात. बेडकाला फक्त जीभ बाहेर काढायची असते. मार्चमधला ट्राउट त्या बेडकासारखा वागतो. पाणी गार, अंगात ताकद कमी, उगाच धावाधाव परवडत नाही.

तुम्ही पाहिलेले किडे वर्णनावरून मेफ्लाय वाटतात, बहुधा बेटिस गटातले. त्यांचं पिल्लू, म्हणजे निम्फ, महिनोन्‌महिने दगडांना चिकटून राहतं. पंख फुटायची वेळ आली की ते पाण्यातून वर येतं, पृष्ठभागाच्या पापुद्र्याला खालून टेकतं, पाठीवरची कात उलते आणि त्या फटीतून पंखवाला किडा बाहेर पडतो. मग तो पंख मिटून, शिडाच्या होडीसारखा थोडा वेळ वाहत जातो आणि उडतो. या किड्याचं एक नवल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पंख फुटल्यावरही तो आणखी एकदा कात टाकतो. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण पंख आल्यावर कात टाकणारा दुसरा कीटक मला दाखवता आला नाही. प्रौढ झाल्यावर त्याला खाताही येत नाही, तोंड कामाचंच उरलेलं नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची, की आयुष्य संपलं.

पापुद्र्याखाली अडकलेला तो अर्धवट किडा माशाला सगळ्यात सोपा. उडून जायची भीती नाही, पाठलाग नाही. म्हणून मासे वर आलेले दिसतात, पण वर तरंगणाऱ्या फ्लायकडे बघतही नाहीत. हे पाण्यावरून ओळखता येतं. माशाचं नाक वर आलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर त्याने वरचा किडा हवेसकट गिळला. नाक न दिसता नुसती पाठ आणि शेपटीचं टोक वळताना दिसलं, बुडबुडा नाही, तर तो खालचं खातोय. तुम्ही ‘वर येऊ लागले’ एवढंच लिहिलंय. पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं दोरी काढूच नका. काठावर बसा आणि एकाच माशाकडे बघत राहा.

त्याही आधी एक काम. सकाळी नदीवर पोचलात की घोटाभर पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. मी तर बुटांच्या नाड्या बांधायच्या आधी हे करते. ओल्या दगडावर आधी काही दिसत नाही, मग तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी सरकतं. पोटाच्या कडांना कल्ल्यांची पानं, मागे तीन शेपट्या. (पंख फुटल्यावर बेटिसच्या दोनच उरतात.) आता त्याच्या पाठीवर पंखांच्या पिशव्या बघा. फिक्या असतील तर अजून अवकाश आहे. काळ्याभोर झाल्या असतील तर पंख आत तयार आहेत, आज ना उद्या निघणार. दगड होता तसाच, होता तिथेच ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे.

पाणीही मोजा. माझ्याकडे साधा थर्मामीटर आहे. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वर एका मार्चमध्ये सकाळी पाणी ५ अंश होतं आणि नदी मेल्यासारखी वाटत होती. दरीत ऊन उतरलं, दुपारपर्यंत ९ झालं आणि हॅच, म्हणजे किड्यांचं पाण्यातून निघणं, सुरू झाली. म्हणून मार्चमध्ये पहाटे उठून नदीवर जाण्यात अर्थ नाही. पोटभर नाश्ता करून निघा. आणि ढगाळ दिवस असला तर खट्टू होऊ नका. दमट हवेत किड्याचे पंख लवकर वाळत नाहीत, तो पाण्यावर जास्त वेळ राहतो आणि मासे जास्त वेळ खातात.

आता उपाय. गुशैणीच्या त्या दिवशी माझ्या डबीत पाण्याखाली राहणारी बारीक फ्लाय उरली नव्हती. मी १८ नंबरच्या तरंगत्या फ्लायची खालच्या बाजूची पिसं नखं कापायच्या कात्रीने छाटली, म्हणजे ती पाण्यावर उभी न राहता पोटावर झोपली. (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, नवख्यांनी हे लक्षात ठेवावं.) तिसऱ्या फेकीला वितीहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट लागला. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकं कडं. खास अर्धवट किड्यासारख्या बांधलेल्या फ्लायही मिळतात, त्या चारपाच बरोबर ठेवा. फेझंट टेल नावाची, निम्फसारखी बांधलेली फ्लाय तर असायलाच हवी. इंग्लंडात एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरने ती फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसं आणि तांब्याची तार, एवढ्यावर बांधली. दोऱ्याऐवजी तार, म्हणून ती बुडते.

राहिला हात. फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधल्या जोरकस धारेत दोरीचं पोट, म्हणजे मधला सैल भाग, पुढे जातं आणि फ्लायला ओढ बसते. वरून आपल्याला दिसतही नाही, पण माशाला ती रेघ ओढल्यासारखी दिसते आणि तो तोंड फिरवतो. दोरी पडल्या पडल्या काठीचं टोक उचलून ते पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. आणि माशाच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर सरका. त्याचं तोंड प्रवाहाकडे असतं.

एप्रिलच्या उत्तरार्धात वरचं बर्फ जोरात वितळू लागलं की पाणी चढतं, गढूळ होतं आणि हा सगळा खेळ थांबतो. तेव्हा बेत मार्चचाच ठेवा.

प्रश्न : आमच्या ठाण्यातल्या तलावांत ट्राउट का सोडत नाहीत? निदान सराव तरी इथे करता येईल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : ट्राउटला पाणी गार आणि भरपूर प्राणवायूचं लागतं. २० अंशांपुढे तो कासावीस होतो. आपले तलाव बाराही महिने त्याला सोसणारे नाहीत.

सराव मात्र मैदानावर उत्तम होतो. मी सकाळी सहाला, क्रिकेटवाली मुलं यायच्या आत, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधते आणि पंधरा पावलांवर परात ठेवते. लोकर परातीत पडली पाहिजे, आणि आवाज न करता. रोज वीस मिनिटं पुरतात. किडे ओळखायचे तर संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्याशी दिव्याखाली उभे राहा. तिथे डासांसारखे पण न चावणारे किडे घोंघावतात. त्यांच्यातल्या काहींच्या अळ्या म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे लाल ब्लडवर्म. त्यांचेच भाऊबंद हिमाचलात कडाक्याच्या थंडीतही निघतात आणि ट्राउटचा हिवाळा त्यांच्यावर निभावतो.

प्रश्न : आम्ही कोळीवाड्यातले. येत्या मार्चमध्ये आजीला घेऊन तीर्थनला जातोय. धरलेला मासा सोडायचा म्हटल्यावर ती रागावली. म्हणते, हा अन्नाचा अपमान आहे. तिला काय सांगू? (एक वाचक, बेलापूर)

उत्तर : आजींचं म्हणणं खोडू नका. माशावर घर चाललेल्या माणसाचा तो धर्म आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. फक्त एक आठवण करून द्या. जून-जुलैत आपल्याकडे बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच होड्या पुन्हा लोटायच्या, हे त्यांनीच तुम्हाला शिकवलं असेल. पोटात अंडी असलेल्या मासळीला हात लावायचा नाही. ट्राउटचा हा काळ थंडीत येतो, म्हणून हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. मार्चमध्ये हाती लागणारा ब्राउन ट्राउट नुकताच त्यातून उठलेला, अंगाने वाळलेला असतो. बाळंतिणीला आपण कामाला लावत नाही, एवढं सांगितलं तरी आजींना पटेल.

सोडताना हात आधी पाण्यात बुडवून ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे दगावतो. गळाचा उलटा दात पक्कडीने आधीच दाबून टाका. मासा प्रवाहाकडे तोंड करून हलकेच धरा, तो आपण होऊन सुटेल.

आणि आजींना उपाशी ठेवू नका. मंडीकडून येताना औटच्या बोगद्याअलीकडे बंजारकडे वळलात की पुढे ट्राउट पाळणारी माणसं भेटतील. त्यांच्याकडे बहुतेक रेनबो ट्राउट असतो, तो बिनधास्त घ्या. खवलं इतकी बारीक की काढावी लागत नाहीत. ठाण्याहून आगळाची छोटी बाटली आणि घरचा मसाला न्या, चूल आजींच्या ताब्यात द्या. कसा लागला, ते मला जरूर कळवा.