पाऊस ‘अपयशी’ ठरत नाही

विचारणा अशी आहे: इंग्रजीत फेल्युअर, सेटबॅक, फियास्को, डिबाकल, रुइन, बँकरप्सी असे एकाहून एक शब्द आहेत, मराठीत मात्र फिरून फिरून ‘अपयश’ नाहीतर ‘पराभव’ इथंच यावं लागतं. मग अनुवाद करताना काय लिहायचं? मराठी इथं तोकडी आहे का?

माझं भांडण या तोकडेपणाशीच आहे. मराठीचा हा सगळा माल क्रियापदांत भरलेला आहे आणि आपण तो नामांच्या फडताळात शोधतो. सिनेमा पडतो, बँक बुडते, धंदा बसतो, बेत फसतो, बोलणी फिसकटतात, इंजिन बंद पडतं, सोयरीक मोडते, पीक हातचं जातं, पोरगं नापास होतं. यातल्या बहुतेक ठिकाणी इंग्रजी माणूस ‘फेल’ या एकाच क्रियापदावर वेळ मारून नेतो. तोकडं कोण, ते तुम्हीच ठरवा.

‘फेल’चं मूळ मात्र मोठं गमतीचं आहे. लॅटिन ‘फाल्लेरे’, म्हणजे फसवणं. तिथून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. फॉल्स, फॉल्ट, फॅलसी ही सगळी त्याचीच भावंडं. म्हणजे जे फेल झालं ते मुळात ‘कमी पडलं’ नव्हतं, त्यानं दगा दिला होता. आता ‘द रेन्स फेल्ड’ हे वाक्य घ्या. ‘पाऊस अपयशी ठरला’ असं मी छापील मजकुरात वाचलेलं आहे. पाऊस काय स्पर्धा परीक्षेला बसला होता? कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो ‘पावसानं दगा दिला’ म्हणेल आणि नकळत थेट लॅटिनच्या मुळाशी पोचेल. शिवाय तो आणखी एक भेद करील, जो इंग्रजीत सहज होत नाही: पावसानं ‘दडी मारली’ असेल तर अजून आशा आहे, ‘दगा दिला’ म्हणजे हंगाम गेला.

याच शब्दानं आपल्याकडे एक खरा घोटाळा केला आहे. बोली मराठीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला लागतं तेवढं रक्त ते पुरेशा जोरानं ढकलू शकत नसतं, एवढाच अर्थ. औषधं घेत अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात. फाइलवर तो शब्द वाचून घरात रडारड सुरू होते ती आपल्या ‘ब्रेक फेल’मुळे, कारण तिथं फेल म्हणजे साफ निकामी. इथं ‘हृदयाची कार्यक्षमता कमी होणे’ हे लांबलचक असलं तरी तेच लिहावं.

आता फियास्को आणि डिबाकल. हे दोन अदलाबदलीनं वापरले जातात. माझ्या मते ते चूक आहे.

फियास्को म्हणजे इटालियनमध्ये बाटली, गवतानं विणलेल्या वेष्टनातली ती जाडी बाटली. तिथल्या नाटकवाल्यांच्या बोलीत ‘बाटली करणे’ म्हणजे प्रयोग आपटणं. बाटलीचा आणि आपटण्याचा संबंध काय, यावर बऱ्याच कथा आहेत. एक विदूषक हातात बाटली घेऊन विनोद करायला गेला, कोणी हसलं नाही, तेव्हा त्यानं बाटलीलाच शिव्या घातल्या, ही त्यातली एक. कथा म्हणूनच घ्या. महत्त्वाचं हे की शब्द रंगमंचावरून आला, म्हणून त्याला प्रेक्षक लागतात. आधी गाजावाजा, मग सगळ्यांदेखत शोभा. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल मार्च २००८मध्ये राणीच्या हस्ते थाटात उघडलं, आणि प्रवाशांसाठी खुलं झालं त्याच दिवशी सामान हलवणारी यंत्रणा कोलमडली. पुढच्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली, हजारो बॅगा अडकून पडल्या. हा फियास्को. मराठीत: फज्जा उडाला. ‘फजिती’ही चालेल, पण ती एकट्यादुकट्याची शोभते.

डिबाकल फ्रेंच. ‘बाक्ले’ म्हणजे दाराला अडसर घालणं. ‘देबाक्ले’ म्हणजे अडसर काढणं. थंडीत गोठलेल्या नदीवरचा बर्फ वसंतात एकाएकी फुटतो आणि सगळं वाहून नेत सुटतो, त्याला हे नाव पडलं. इंग्रजीतही तो आधी भूगर्भशास्त्रात, पुराच्या अर्थानं आला. तेव्हा डिबाकलला प्रेक्षक नसले तरी चालतात. हवं असतं ते एकाएकी आणि एकामागून एक कोसळणं. ॲडलेड, १९ डिसेंबर २०२०. पहिल्या डावात ५३ धावांची आघाडी घेतलेला भारतीय संघ दुसऱ्या डावात ३६वर आटोपला, एकाही फलंदाजाला दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. याला ‘अपयश’ म्हणणं म्हणजे महापुराला ओल म्हणणं. आपल्याकडे नेमका शब्द आहे: दाणादाण.

गंमत पुढे आहे. तोच संघ मेलबर्नला जिंकला, सिडनीला सामना वाचवला आणि १९ जानेवारी २०२१ला ब्रिस्बेन जिंकून मालिका २-१ अशी खिशात घातली. आता कोणी ॲडलेडला ‘सेटबॅक’ म्हणालं तर खोटं नाही. सेटबॅक म्हणजे गडी अजून खेळात आहे, फक्त मागे ढकलला गेलाय. म्हणून ‘पीछेहाट’, किंवा काम रखडलं असेल तर ‘खीळ बसली’. ‘धक्का’ हा बातम्यांतला लाडका प्रतिशब्द मला पटत नाही. धक्का मनाला बसतो. (मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांत ‘सेटबॅक’ म्हणजे रस्तारुंदीत जाणारी जागा. ती परत मिळत नाही, हा भाग वेगळा.)

रुइनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एकवचनी असेल तर बहुधा नाश किंवा वाताहत, अनेकवचनी असेल तर बहुधा भग्नावशेष. हंपीत दिसतात ते.

बँकरप्सीत मात्र जपून. शब्द इटालियन ‘बांका रोत्ता’वरून, म्हणजे मोडकं बाकडं, सराफांचा व्यवहार बाकड्यावर चाले. देणं न देणाऱ्याचं बाकडं खरोखर फोडत, ही हकीकत रंगवून सांगतात, तिला पुरावा मात्र तोकडाच. आपलं ‘दिवाळं’ही असंच: बुडालेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, त्यावरून आलं म्हणतात. पण २०१६च्या ‘इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड’ या संहितेच्या मराठी नावात ‘नादारी’ आणि ‘दिवाळखोरी’ असे दोन शब्द शेजारी आहेत, ते उगाच नाहीत. नादारी म्हणजे देणी थकली. त्यातून वाट निघू शकते. दिवाळखोरी हा त्या कायद्यात व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीचा शेवटचा टप्पा आहे, कंपनीसाठी नव्हे. कंपनीचं होतं ते अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून गाशा गुंडाळणं. भूषण स्टील २०१७मध्ये नादारी प्रक्रियेत गेली, २०१८मध्ये टाटा स्टीलनं घेतली आणि कारखाना चालू राहिला. जेट एअरवेज २०१९ला त्याच दारातून आत गेली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या अवसायनाचा आदेश दिला. दोन्हींच्या पहिल्या दिवशीच्या बातमीत ‘कंपनी नादारी प्रक्रियेत’ एवढंच लिहिणं बरोबर ठरलं असतं.