होज नवा, गळती जुनीच

प्रश्न: माझ्याकडे २००८ची पोर्श बॉक्स्टर आहे. करूळ घाट चढून गगनबावड्याला गाडी थांबवली की मागच्या चाकापुढे गुलाबी थेंब दिसतात. गॅरेजमध्ये एक होज (कूलंटची रबरी नळी) बदलून घेतला, क्लिप दोनदा आवळली. घरी उभ्या गाडीतून थेंबही पडत नाही, घाट चढला की पुन्हा तेच. आता शेजारचा होजही बदलावा का? (एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर)

उत्तर: आत्ताच काही बदलू नका. ते गुलाबी थेंब कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे. गळते कुठून हे अजून कुणी पाहिलेलेच दिसत नाही, थेंब कुठे पडतो तेवढे पाहिले आहे. चालत्या गाडीत वारा थेंबाला मागे ओढत नेतो, त्यामुळे या दोन जागांत हातभर अंतर सहज पडते. शिवाय या गाडीचे इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत. कूलंटच्या नळ्या पोटाखालून जवळजवळ पूर्ण लांबीच्या आहेत, म्हणजे सांधेही तितकेच जास्त.

उभी असताना गळत नाही याचे कारण दाब. कूलंट तापले की फुगते आणि कूलंटच्या टाकीची टोपी तो दाब धरून ठेवते. तो दाब थंड इंजिनावर तयार करायचा. हातपंपाचा प्रेशर टेस्टर टाकीच्या तोंडावर बसवा आणि टोपीवर छापलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा, त्यापुढे एक टिचकीही नको. दहा-पंधरा मिनिटांत सुई खाली आली तर गळती आहे. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन शोधा. थंड इंजिनावर थेंब वाळत नाही, म्हणून तो सापडतो. टोपीही त्याच टेस्टरवर अडॅप्टर लावून तपासा. वेळेआधी उघडणारी टोपी अगदी गळतीसारखेच सोंग करते.

सुरुवात मागच्या डिकीपासून करा. गालिचा उचलून खालून हात फिरवा. ओलसर, चिकट लागला आणि गोडसर वास आला तर दोषी होज नसून कूलंटची प्लॅस्टिक टाकी आहे. या गाड्यांत वयोमानाने तिला चीर पडते, हे नेहमीचे दुखणे आहे. ती कोरडी असेल तर वॉटर पंपाखाली वाळलेला रंगीत ओघळ आहे का पाहा. होजचा नंबर त्यानंतर.

होज तपासताना मधे दाबून उपयोग नाही. क्लिपपासून दोन इंचांच्या आत, बोटांच्या चिमटीत दाबा. रबर बऱ्याचदा आतून, टोकाजवळ चिरते, वरून मात्र नव्यासारखे दिसते. लिबलिबीत आणि फुगीर लागला तर त्याला ऑइल लागले आहे. आधी ऑइलची गळती बंद करा, नाहीतर नवा होजही तसाच जाईल.

आता त्या आवळलेल्या क्लिपबद्दल. कंपनीची क्लिप स्प्रिंगची असते. रबर तापून फुगते, थंड होऊन आकसते, काही महिन्यांत दबून पातळही होते. स्प्रिंग त्याच्या मागे मागे जाते. स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते. म्हणून आठवड्याभरात ती सैल वाटते, मेकॅनिक पुन्हा एक आटा फिरवतो, आणि एक दिवस पट्टी रबरात रुतते किंवा होज ज्यावर बसतो ते प्लॅस्टिकचे तोंड तडकते. तुमच्याकडे स्क्रूची क्लिप लावली असेल तर ती काढून त्याच मापाची स्प्रिंग क्लिप लावा.

काम करताना इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणजे दोन-तीन तास तरी. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका. लिफ्ट असलेले गॅरेज बघा. कूलंट स्वच्छ बादलीत काढा आणि मोजून ठेवा. सांडलेले लगेच धुवा, चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. अडकलेला होज स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. लांबीत ब्लेडने चिरा, पण ब्लेड तोंडापर्यंत जाऊ देऊ नका. अॅल्युमिनियमच्या तोंडावर पांढरी खरपुडी धरलेली असते. गळतीची वाट बऱ्याचदा तीच असते आणि नव्या होजखाली ती तशीच राहिली तर होज बदलून काय उपयोग? भांड्याच्या हिरव्या घासणीने ती साफ करा. प्लॅस्टिकच्या तोंडाला फक्त ओले फडके.

नवा होज सरकवायला थोडे कूलंट किंवा साबणाचे पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल लावले तर हे रबर फुगते. सीलंट नकोच. क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावर बसली तर होज आज ना उद्या निसटणार.

भरताना कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) असेल तर निम्मे डिमिनरलाइज्ड पाणी, तयार मिश्रण असेल तर एक थेंबही पाणी नाही. बोअरचे पाणी वर्ज्य. कोल्हापुरात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट पातळ करणारे बरेच भेटतात, पण त्याने गंजरोधकही पातळ होतो. रंग बघून दुसरे कूलंट मिसळू नका, रंग म्हणजे जात नव्हे.

खरी परीक्षा हवा काढण्याची. साध्या हॅचबॅकच्या तीन-चारपट कूलंट मावणारी, लांब नळ्यांची ही गाडी आहे. कॉम्प्रेसरवर चालणारे, आधी आतली हवा ओढून मग कूलंट भरणारे व्हॅक्यूम यंत्र मिळाले तर उत्तम: व्हॅक्यूम टिकला म्हणजे सांधेही बसले. नाहीतर टाकीच्या टोपीजवळच्या व्हॉल्व्हची तारेची कडी उचलून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थोडे थोडे भरा. काढले तेवढे परत गेले का मोजा. दोन लिटर उरले तर आत दोन लिटर हवा आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापले की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडल्यावर दोन्ही बाजूंचे रेडिएटर सारखेच गरम लागले पाहिजेत. एक थंड म्हणजे तिकडे हवा अडकली. पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना पुन्हा बघा.

प्रश्न: मूळ होज यायला तीन आठवडे लागणार आहेत. फाटलेला भाग कापून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, लेथवर जोडनळी करून घेतली तर चालेल का?

उत्तर: तेवढ्या काळापुरती चालेल. उद्यमनगरात एका दुपारचे काम आहे, सांगताना मात्र नीट सांगा. माप होजच्या आतल्या व्यासाचे द्या आणि होज ताणलेल्या टोकाचा मोजू नका, मधला मोजा. नळी स्टेनलेस स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची, साध्या लोखंडाची नको. दोन्ही बाजूंना किमान ३० मिलिमीटर होजमध्ये जायला हवी आणि दोन्ही टोकांना उंचवटा ठेवायला सांगा. नुसती गुळगुळीत नळी दाबाखाली सुटते. वळणावर जोड घेऊ नका आणि सरळ होज वाकवून बसवू नका. तो मोडतो आणि प्रवाह अडतो.

वाटेतच फुटला तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप कामी येते. होज थंड, कोरडा आणि पुसलेला हवा, टेप दुप्पट ताणून निम्मी निम्मी चढवत गुंडाळा. गगनबावड्याहून कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर आहे. तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून सावकाश या. काटा चढला तर थांबा. गरम टोपी उघडू नका.

प्रश्न: रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबते म्हणतात. खरे का?

उत्तर: जुन्या ट्रकच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला टाचणीएवढे भोक असेल तर ती फुगून बुजवते, एवढे खरे. होजच्या सांध्याला तिचा उपयोग शून्य. आणि आजच्या अॅल्युमिनियम रेडिएटरच्या व हीटरच्या बारीक नळ्या मात्र ती हमखास बुजवते. हळद पांढऱ्या रश्श्यातही घालत नाहीत, इथे तर नकोच.